वाकडं मनगट

"हे मनगट असं वाकडं कशानं झालं गं?" सूर्यभाननं बायकोला विचारलं. सकाळपासून तिसऱ्यांदा.

लंकाबाई भाकरी थापत होती. पहिल्यांदा ती म्हणाली होती, विहिरीवर पडले. दुसऱ्यांदा, म्हशीनं ओढलं. या वेळी तिनं चुलीत लाकूड सारलं.

दारूनं सूर्यभानची मागची बरीच वर्षं पुसून टाकली होती. त्याच्या लेखी त्यांचं लग्न नुकतंच झालं होतं. बाहेर सत्त्याण्णव साल चाललं होतं. राहुरीचे डॉक्टर म्हणाले होते, "दारूपायी अंगातलं एक जीवनसत्त्व संपलंय. ते नसलं की मेंदूत नवी आठवण टिकत नाही. इंजेक्शनं देऊ. थोडंफार सुधारेल. मागचंही काही आठवायला लागेल."

त्या 'मागच्या'ला लंकाबाई भ्याली. तिनं त्याला देवळालीला घरी आणलं आणि पुन्हा दवाखान्यात नेलंच नाही. आता तो दारू मागत नव्हता. तिच्या हातातली घागर घेत होता. हा तोच माणूस की दुसरा? राग धरायचा तरी कुणावर? तिला उलगडत नव्हतं.

"कुनी मारलं का तुला?" सूर्यभाननं विचारलं. "नाव सांग. बघतोच त्याला."

तिचा हात परातीत थांबला.

"तुमीच," ती म्हणाली. "लाकडानं. पिऊन आल्ते."

सूर्यभान चुलीपाशी येऊन बसला. तिचं मनगट दोन्ही हातांत धरून ढसाढसा रडला.

"लंके, चुकलो गं. माफ कर मला."

हे ऐकायला तिनं किती वर्षं काढली होती. तीही रडली. तव्यावरची भाकरी करपून गेली.

तिनं दुसरी भाकरी दुधात कुस्करून त्याला दिली. तो निवांत जेवला. उठताना त्याची नजर तिच्या हाताकडे गेली.

"हे मनगट कशानं वाकडं झालं गं?"

लंकाबाईनं उष्टी थाळी उचलली. आत्ता रडला तो कुठं गेला? मग ती माफी कुणी मागितली? आणि डॉक्टरच्या सुईनं जुना सूर्यभान परत आला तर?

तिनं हात धुतले आणि खुंटीवरचा सदरा त्याच्यापुढं धरला.

"चला. दवाखान्यात जायचंय."

"मला काय झालंय?"

"माजी माफी मागायची हाय तुमाला," लंकाबाई म्हणाली. "पर ती तुमच्या ध्यानात ऱ्हायली पायजे."