चकतीचं उत्तर

"प्रयोगातून बाहेर पडायचं आहे का?" डॉ. गायतोंडेंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"कशाला? मला काहीच त्रास नाही," हेमांगी म्हणाली. तिच्या कानामागच्या चकतीवर हिरवा दिवा जळत होता.

शेजारी तिचा नवरा विश्राम बसला होता. "मॅडम, गेल्या आठवड्यात आमचा पोरगा बुडाला. त्याला स्मशानात न्यायला उचललं, तेव्हा ही आत जाऊन कुकर लावत होती. काढा ती चकती."

हेमांगीला चारचौघांत बोलायची भीती वाटायची, म्हणून ती स्वतःहून या प्रयोगात आली होती. चकतीने भीती घालवली, पण भीतीसोबत बाकीच्या सगळ्या भावनाही गेल्या. बाहेर पडायचा निर्णय नियमाप्रमाणे फक्त तिचा होता, आणि दर वेळी ती नाही म्हणायची. गायतोंडेंना ते पुरत होतं. हे उत्तर चकती देते आहे, हे त्यांच्या आज लक्षात आलं.

"हेमांगीताई, मी ही थोडा वेळ बंद करते आणि पुन्हा विचारते. चालेल?"

"चालेल." तिला काहीही चालत होतं.

दिवा विझला. हेमांगी हुंदके देत टेबलावर कोसळली. विश्रामने तिला धरलं. गायतोंडेंना प्रश्न विचारवेना.

शेवटी तिनेच मान वर केली. नवऱ्याचे सुजलेले डोळे तिला आत्ता दिसले.

"इतके दिवस तुम्ही एकटेच रडत होतात?" तिने विचारलं.