झेनची परीक्षा

मळणी यंत्रवाल्याचा फोन पुन्हा लागला नाही, तेव्हा आनंदरावांनी मोबाइल खाटेवर टाकला आणि राग दारातल्या गाडीवर काढला.

"रविवारी साकोलीचा गिऱ्हाईक येऊन राहिला," ते पोराला, अंकुशला म्हणाले. "देऊन टाकू ते झेन."

साकोलीत टायरच्या दुकानात काम करता करता अंकुशनं ती जुनी झेन घडवली होती. स्प्रिंगा कापून तिचं पोट जमिनीपाशी आणलं होतं, रुंद चाकं चढवली होती, आणि सायलेन्सर असा लावला होता की गाडी तलावाच्या पाळीवर आली की एकोडी गावातल्या कोंबड्या आधी माना वर करायच्या. रंग ताज्या मोहफुलासारखा, पिवळट.

वडिलांचं म्हणणं एकच होतं. तिच्यात धानाचं पोतं धड मावत नाही, बांधावर ती चढत नाही. जी शेताच्या एका कामाची नाही, तिला दारात जागा कायले?

तेवढ्यात अंकुशचा सानगडीचा दोस्त जीवन आपली पोलो घेऊन आला. मागच्या सीटवर तीन दोस्त. काकांना जय भीम घालून तो लगेच मूळ विषयावर आला. टर्बो काय, लॅपटॉप लावून वाढवलेली ताकद काय, पिकअप काय. अंकुशनंही सोडलं नाही. झेन हलकी आहे, तिला एवढी ताकद लागतच नाही, असं त्याचं गणित होतं.

"तुझी झेन मले मागच्या आरशात दिसतसुद्धा नाही," जीवन म्हणाला.

"आरसा पुसत जा मग."

अंकुशच्या आईनं, धुरपताबाईंनी चहा आणला. आनंदराव ऐकत होते. मग उठले, दोन्ही गाड्यांभोवती फिरले, कलिंगड पाहावं तशी चाकं अंगठ्यानं दाबून पाहिली. कोणाची चाकं जास्त रुंद, कोणती गाडी जड, एवढंच त्यांनी विचारलं. पोरांनी हौसेनं सांगितलं. टर्बोबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

"अंकुश," ते म्हणाले, "तुझी झेन याच्यापेक्षा सरस निघाली, तर गिऱ्हाइकाले नाही म्हणतो. पण ठरवणार मी."

तरुणपणी त्यांनी राईस मिलचा ट्रक चालवला होता, त्यामुळे जीवनलाही हा पंच चालला.

परीक्षा शेतासमोरच्या रस्त्यावर ठरली. तिथं संध्याकाळच्या एसटीशिवाय फारसं काही येत नव्हतं. जीवनला वाटलं होतं, पलीकडच्या पुलापर्यंत पळवायची. आनंदरावांनी हात हलवला.

"पळवाले काय लागते? घसरणीवर धरते, वजन घेऊन वळते, ते गाडी."

नवराबायकोनं शेतातून वाळल्या काडाचे भारे आणले आणि काळ्याभोर डांबरावर अंथरले. धुरपताबाई गुणगुणत होत्या, लग्नघरी सतरंजी टाकावी तशा. जीवनला ही कल्पना फारच आवडली. परदेशात बर्फावर गाड्या तपासतात, त्याचे व्हिडिओ त्यानं मोबाइलवर पाहिले होते. झाडीपट्टीत बर्फ कुठून आणणार, हेच बरं, असं तो म्हणाला.

नियम काकांचे. तिन्ही दोस्तांना आळीपाळीनं दोन्ही गाड्यांत कोंबायचं, म्हणजे वजन सारखं. रस्त्याकडेच्या पळसाच्या झाडापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. एका चाकाच्या खुणेवर दुसऱ्यांदा चाक घालायचं नाही. हातभर बाजूनं जायचं, म्हणजे कोणालाच तयार वाट मिळणार नाही. खांद्यावरचा दुपट्टा हलवून ते वाट दाखवत राहिले.

काडाखाली तडतड आवाज येत होता.

"खाली गिट्टी उडून राहिली का बे?" एका दोस्तानं खिडकीतून विचारलं. पळसापाशी पोलोचं बूड सरकलं होतं आणि सगळे तिकडे पाहत होते.

झेन वळत होती, पण तिच्या पोटाला काड चिकटायचं. दर फेरीनंतर आनंदराव गुडघ्यांवर बसत, गाडीखाली हात घालत आणि तापल्या सायलेन्सरजवळचं काड उपसून काढत. बादलीभर पाणीही त्यांनी जवळ ठेवलं होतं. अंकुश स्टिअरिंग धरून पाहत राहिला. गाडी घरी आली त्या दिवसापासून बाबांनी तिला कधी हात लावला नव्हता.

मधून मधून धुरपताबाई काठीनं काड उलटं करून पुन्हा पसरवायच्या. सगळीकडे एकसारखं पाहिजे, नाहीतर एकावर अन्याय व्हायचा, असं त्या म्हणत.

उन्हं कलली. पोरांची तोंडं धुळीनं पांढरी झाली. आनंदराव रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालत गेले, वाकून वाकून पाहत परत आले.

"झेन," ते म्हणाले. "पोट खाली आहे ना, ते दाबून चालते. जाग्यावर वळते. राहू दे तिले दारात."

अंकुशनं बॉनेटवर हात फिरवला. जीवनला निकाल काही पटला नव्हता. आणखी रुंद चाकं टाकून येतो, मग पाहू, असं तो म्हणाला.

"ये ना, बापा," आनंदरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पंधरा दिवसांनी ये. अन् जरा वजनदार दोस्त आणजो."

गाड्या चहाटपरीकडे गेल्या. दोन सायलेन्सर एकमेकांवर ओरडत दूर गेले आणि शेतावर परत भोरड्यांचा कलकलाट ऐकू येऊ लागला.

आनंदरावांनी साकोलीच्या गिऱ्हाइकाला फोन लावून, गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवतात न ठेवतात तोच पुन्हा वाजला. मळणी यंत्रवाला होता. उद्या सकाळी नक्की येतो म्हणत होता.

समोर धुरपताबाईंनी काड बाजूला सारलं होतं. खराट्यानं रस्ता झाडून त्यांनी पहिलं सूप भरलं आणि वाऱ्याकडे धरलं. भुसा उडून गेला, आणि डांबरावर काडातल्या शेंगांतून सुटलेले लाखोळीचे दाणे टपटप पडू लागले.

"नको येऊ, भाऊ," आनंदराव फोनवर म्हणाले. "आमची मळणी झाली."