पितळी गलबत

प्रीतमचा पिक्चर मुंबईत आठवडाभरही टिकला नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनी कल्पिलेलं उद्याचं जग, आणि त्यात वाफेवर उडणारं पितळी गलबत. "गलबत कसलं, पत्र्याचा डबा!" म्हणून लोक हसले होते. आपल्या गावात तरी नीट बघतील, म्हणून त्याने भर दुपारी आचऱ्याच्या हॉलात पडदा लावला. तर अर्धे मोबाइलवर आणि बाकीचे सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, भावावर बोलत बसलेले. त्याचं डोकं उठलं.

शेवटी गलबत पहिल्यांदा पाण्यात सोडायचा प्रसंग आला, तेव्हा गावातले जुने होडीवाले गुरुदास तांडेल उठून थेट पडद्यासमोरच उभे राहिले.

"थांबव रे पिक्चर!"

"आता काय झाला, काका?" पिक्चर थांबवत प्रीतम करवादला.

"नवी होडी अशीच सोडतत? नारळ खंय आसा?"

"काका, ता खरा नाय! पिक्चर आसा तो!"

तांडेल ऐकतात कुठले! कोणीतरी धावत जाऊन नारळ आणला. त्यांनी तो स्टेजच्या कडेवर फोडला आणि म्हणाले, "आता सोड."

प्रीतमने कपाळाला हात लावून पुन्हा बटण दाबलं. पत्र्याचा डबा पाण्यावरून हळूच वर उचलला गेला, आणि मोबाइल बाजूला ठेवून सगळ्या हॉलाने हात जोडले.