शेवटची कळ

हर्षदाला कळ आली की मालनताई कण्हत. दोघींच्या कमरेला एकेक पट्टा होता. बाळंतिणीची कळ त्यातून सोबतिणीच्या अंगात उतरायची आणि बाळंतिणीला फक्त पोट ताठरल्याचं जाणवायचं. सांगलीच्या त्या प्रसूतिगृहात मालनताईंनी अशी अकरा बाळंतपणं अंगावर काढली होती.

"डोकं दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हर्षदा एकदम रडवेली झाली. "मालनताई, मला काहीच कळत नाहीये हो. बाळ मला होतंय की तुम्हाला? आताची कळ मला द्या."

मालनताई गोंधळल्या. आजवर बायकांनी 'कळ घ्या' म्हणून हात जोडले होते. परत कुणी मागितली नव्हती. द्यावी तर पोरीला त्रास, न द्यावी तर तिचंच तिच्यापासून लपवल्यासारखं. त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"तिची मर्जी," बाई म्हणाल्या.

मालनताईंनी आपला पट्टा सोडला. त्यांचं अंग गप्प झालं आणि हर्षदा किंचाळली. आता आपण करायचं काय, तेच मालनताईंना सुचेना. शेवटी हर्षदानेच त्यांचा हात ओढून गच्च धरला.

"सोडू नका!"

"नाही गं बाळा, नाही सोडत."

मुलगी झाली. ती रडली, हर्षदाही रडत रडत हसली. मालनताईंची बोटं मात्र ठणकत होती. पट्टा तर केव्हाच सोडला, मग हे दुखणं येतंय कुठून, त्यांना काही केल्या उमगेना. त्यांनी खाली पाहिलं. हर्षदाची पकड अजून सुटली नव्हती.