पिवळ्या खडूचं अक्षर

सरकारी गाड्यांच्या गॅरेजमध्ये बॅटऱ्या तपासायचं काम तिचं. तपासून झालं की बॅटरीच्या पेटीवर पिवळ्या खडूने ती एकच शब्द लिहायची, ‘चालेल’ किंवा ‘बाद’. तो दुसऱ्या कुणी पुसायचा नाही, असा तिथला शिरस्ता.

अकरा नंबरच्या गाडीची बॅटरी एका बाजूने फुगली होती, चार्जिंगला लावली की चटका बसावा इतकी तापायची. ती गाडी तिचा सख्खा दादा चालवायचा. तिने ठसठशीत ‘बाद’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पेटीवर ‘चालेल’ होतं.

ती तडक फोरमनकाकांपुढे उभी राहिली. तिला हाताला धरून हे काम शिकवलं ते त्यांनीच.

“तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, काका. आणि तुम्ही माझ्या भावाच्या जिवावर उठलात?”

काकांचा चेहरा पडला. “पोरी, अक्षर बघ की जरा. तुझंच आहे ते.”

तिने पुसून पुन्हा ‘बाद’ लिहिलं. सगळ्यांना बाहेर काढलं, आतून कडी घातली आणि भर दुपारी पेटीसमोर स्टूल टाकून बसली. तासभर तिने नजर हलवली नाही. शब्दही हलला नाही. म्हणजे काकाच. तिला रडू आलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर दादा होता.

“काय गं, बसवू का माझी बॅटरी? उशीर होतोय.”

‘हात लावू नकोस!’ ती जिवाच्या आकांताने ओरडली.

तिच्या कानांवर तिचाच आवाज पडला. शांत, रोजचा.

“चालेल.”

आणि तिच्याच हाताने कडी काढली.