साहेबांचे हात

पुण्याच्या कचेरीत मृणालची प्रतिमा खुर्चीवर बसली होती. मृणाल स्वतः दापोलीला, घराच्या ओसरीवर होती. यंत्र फक्त माणूस पाठवायचं, भोवतालचं सामान गाळून टाकायचं.

"सोमवारपासून सगळ्यांनी देहासकट हजर राहायचं!" भोकरे साहेब गरजले. "मी रोज इथे येतो, मग तुम्हाला काय धाड भरलीय?"

मृणाल धास्तावली. दापोलीत बिऱ्हाड थाटून महिनासुद्धा झाला नव्हता.

बोलता बोलता साहेबांचा हात मात्र सारखा खाली जायचा आणि रिकामीच मूठ भरून वर यायचा. मग दोन्ही तळव्यांत ते काहीतरी गोल गोल वळायचे, दाबायचे, आणि एकदम बोटं फाकून चरफडायचे. "शिस्त म्हणजे शिस्त!" म्हणत त्यांनी पुन्हा मूठ भरली.

मृणाल बघतच राहिली. तिची भीती कुठल्या कुठे पळाली.

"साहेब," ती अगदी आदराने म्हणाली, "लाडू फुटतायत ना? तूप कमी पडलंय."

सगळ्या प्रतिमा खुदखुदल्या. साहेबांचे हात हवेतच थांबले. मग आवाज एकदम खाली आणून त्यांनी विचारलं,

"साधारण किती घालू?"