अर्धी गोळी

रेणूनं नळीत फुंकर मारली आणि आरोग्यकेंद्रातल्या यंत्रावर तांबडा दिवा लागला.

"क्षयच आहे. आणि एकही औषध लागू पडणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "औषधांना पुरून उरायला हा जंतू कुणाच्या छातीत शिकला, तेही आता यंत्र सांगतं."

पडद्यावर नाव उमटलं: भागव्वा. शेजारी उभी असलेली रेणूची आई.

"मला झाला होता, पण मी बरी झाले की! रोज गोळी घेतली, सिस्टर. एक दिवस चुकवला नाही."

"अख्खी?"

"अर्धी," भागव्वा पुटपुटली. ती आजारी होती तेव्हा नणंदेचं, रुक्मव्वाचं, लग्न ठरत होतं. तिच्याही खोकल्याचा बोभाटा झाला असता तर सोयरीक मोडली असती. म्हणून सासूबाई अडकित्त्यानं प्रत्येक गोळीचे दोन तुकडे करायच्या. एक सुनेला, एक लेकीला. अर्ध्या मारानं जंतू मेले नव्हते, शहाणे झाले होते.

"उरलेली अर्धी कुणी खाल्ली, ताई?"

भागव्वाची नजर घड्याळाकडे गेली. या वेळी रुक्मव्वा बालवाडीच्या बंद खोलीत पोरांना गाणं शिकवत असते. खोकल्याची उबळ आली की थांबते, घोटभर पाणी पिते. मग पोरं छाती भरून श्वास घेतात आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागतात.